देठासकट

यू सुलिका सफरचंद खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बागेत येणारा प्रत्येक पाहुणा तिला हेच विचारतो, "बाई, यातलं गोड कुठलं? तुम्हाला कुठलं आवडतं?" आणि ती डोळे मिटून, जिभेवर चव घोळवल्यासारखं तोंड करून म्हणते, "मनालागी जातीचं! हिरवं असलं तरी साखर आहे साखर." खोटं बोलण्यात बाई पटाईत. तिला विचाराल तर खरं गोड म्हणजे उकडलेला कसावा आणि वर गुळाचा पाक. सफरचंदाने तिचे दात आंबतात.

अर्जुनो डोंगराच्या उतारावर आमचं गाव. तिच्या बागेच्या फाटकाला लागून माझी टपरी. कॉफी, चिकट भात, मीटबॉलचं सूप. माझं नाव सारपिनी, पण ती मला पिनी म्हणते, आणि मी तिला यू, म्हणजे थोरली बहीण. नात्याने नव्हे, तिच्या दरडावण्याने. माझं तोंड फाटकं आहे असं गावात म्हणतात. म्हणोत. पाहुण्यांशी गोड बोलायला यू आहे, मला सूप ढवळायचं असतं.

बागेची पद्धत साधी. फाटकावर तिकीट घ्यायचं, आत शिरायचं, झाडावरून तोडून पोट भरेल तेवढं खायचं. खाल्लेल्याला कुणी विचारत नाही. बाहेर न्यायचं ते मात्र वजनावर. सुराबाया शहराच्या बायका आमच्याहून हुशार. घरूनच मिरची-गुळाची चटणी डब्यात घालून आणतात, झाडाखाली चटई टाकतात आणि आंबट लाल रोम सफरचंदाच्या फोडी चटणीत बुडवून दुपारपर्यंत खातात. जाताना यूच्या गळ्यात पडतात. माझं सूप कुणी घेत नाही, पोटात जागाच नसते.

पण यू कुणालाही नुसतं सोडत नाही. आत शिरलं की आधी शिकवणी. माणूस मोठा साहेब असो की शाळेची पोरं असोत, त्याचा हात आपल्या हातात घेते, फळावर ठेवते आणि म्हणते, "ओढायचं नाही. गाईचं शेपूट आहे का ते? आधी वर उचल, मग वळव. देठासकट आलं पाहिजे." देठ झाडावर राहिला की तिचा चेहरा उतरतो. ओढून तोडलं की फांदीचा डोळा जातो, आणि पुढचं फूल त्याच डोळ्यातून येतं. हे ती समजावत बसत नाही. नुसतं म्हणते, "देठ दाखव."

आमच्याकडे बर्फ नाही, हिवाळा नाही. सफरचंदाच्या झाडाला आपणहून झोपायचं कळत नाही, म्हणून फुलायचंही कळत नाही. फळ उतरलं की एकेक पान हाताने खुडून झाड उघडं करावं लागतं. त्याला रोंपेस म्हणतात. उघडं झाड बिचारं घाबरतं आणि महिन्याभरात फुलून येतं. आमच्या गावात एक रीत आहे, कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही. रोंपेस केलेल्या झाडाला फळ उतरेपर्यंत करवत लावायची नाही. तूच त्याला फुलायला सांगितलंस, आता मध्येच शब्द फिरवू नकोस, एवढंच.

बागेचे दोन टप्पे. खालचा मोठा, वरचा लहान आणि उभ्या चढणीवर. वरची झाडं तिच्या नवऱ्याने, कांग तुकिरानने, मुलगा झाला त्या वर्षी लावली. कांग म्हणजे दादा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. "तुझ्या कांगने माझ्या अंगावर सोन्याचा मणी घातला नाही," यू म्हणते, "एवढी झाडं घातली पदरात. आणि तीही चढावर!" असं म्हणते आणि रोज त्या चढावर जाते.

मुलगा वियोनो. पोरगा वाईट नाही. उलट फार शहाणा आहे, तीच अडचण. खालच्या टप्प्यातली अर्धी सफरचंदं काढून त्याने संत्री लावली, आणि संत्री पैसा देतात. पूर्वी इथे भरदुपारी स्वेटर लागायचा. आता माझ्या टपरीवर कॉफीपेक्षा बर्फाचं सरबत जास्त खपतं. सफरचंदाला हे सोसत नाही. वरची झाडं म्हातारी झाली होती, फळ कमी, कीड फार. अशी झाडं सगळ्या गावाने काढली होती, याच्याच आईने नव्हती.

एका सकाळी तो टपरीवर बसून आईला मोठ्याने म्हणाला, "एमाक, पॉनच्या दिवशी सामिरान येतोय करवत घेऊन. वरची झाडं काढायची. म्बाह कार्सोंना विचारून दिवस काढलाय, चांगला आहे."

आमच्या बाजाराच्या आठवड्याला पाचच दिवस असतात, पॉन, वागे असे, आणि पॉनला अजून अवकाश होता. पोराने झाडं तोडायलाही गावच्या या आजोबांकडून मुहूर्त काढून घेतला! बाप असता तर हसून लोळला असता.

यूने कॉफीत चमचा फिरवला. "बरं, ले," एवढंच म्हणाली. पोरगा कितीही मोठा झाला तरी तिचा ले, म्हणजे बाळ्याच.

तो पिकअप घेऊन संत्री विकायला गेला. मी म्हटलं, "यू, बरं काय बरं? उद्या मला कापायला निघाला तरी बरंच म्हणशील?"

"तुला कोण कापतंय? करवत बोथट होईल." मग कॉफीत चमचा फिरवतच राहिली. "पिनी," ती म्हणाली, "ती झाडं गेली तर मी सकाळी उठून जायचं कुठं?"

चमचा खाली ठेवून तिने विचारलं, "उद्या टपरी बंद ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी वियोनो बाजाराला गेला आणि आम्ही गल्लीतल्या पाच-सहा बाया वरच्या टप्प्यावर चढलो. फळ नुकतंच उतरलं होतं. झाडं हिरवीगार, काही माहीत नसल्यासारखी उभी. यूने मक्याचा भात, खारा मासा आणि घाम फुटेल अशी चटणी आणली होती. आम्ही पानं खुडायला लागलो. नवऱ्यांच्या चहाड्या, सुनांच्या चहाड्या, हात चालूच. "हळू गं," यू मला ओरडली, "कोंबडी सोलतेस का? डोळा गेला ना फांदीचा!" तिन्हीसांजेला वरचा टप्पा पार उघडा झाला होता. पायाखाली पानांचा गालिचा, आणि आमची नखं काळीहिरवी. ती आठवडाभर तशीच राहिली.

पॉनच्या सकाळी सामिरान करवत खांद्यावर टाकून वर गेला आणि तसाच खाली आला. मागे वियोनो, तोंड लाल.

"अरे पानंच तर नाहीत! लाकूड तेच आहे ना?"

"लाकूड तेच," सामिरान म्हणाला, "पण मी लावणार नाही करवत. पोटुशीवर हात टाकल्यासारखं ते. तुझ्या बापानेच शिकवलंय मला हे, याच झाडांखाली. दुसरा माणूस बघ."

दुसरा माणूस मिळणार नव्हता, हे वियोनोला ठाऊक होतं. गाव एकच, रीत एकच. त्याने आईकडे बघितलं. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती, इतकं मन लावून की कोंबड्यांनाही संशय यावा. पुढचे चार दिवस तो घरी जेवला नाही, माझ्या टपरीवर सूप प्यायला. मी पैसे घेतले. रागाचं सूप फुकट देत नसतात.

मग फुलं आली. पावसाने थोडी झोडपली, थोडी राहिली. त्या वर्षी लेबरानची सुटी नेमकी फळाच्या वेळी आली. रोजे संपले, ईद झाली, आणि सगळं सुराबाया गाड्या काढून डोंगरावर आलं. खालच्या टप्प्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि यूच्या गुडघ्याने नेमका तेव्हाच संप पुकारला. सुजून भोपळा झाला.

"ले," ती फाटकापाशी खुर्चीवर बसून म्हणाली, "वरच्या टप्प्यावर माणसं घेऊन तू जा."

"मी? मला कुठं गोड बोलता येतं, एमाक?"

"नको बोलूस. नुसता उभा राहा. लोकांना वाटेल झाडच आहे."

तो गेला. तासाभराने खाली आला तो कानापर्यंत लाल. मागे सुराबायाच्या एक जाड्या, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी येता येता सगळ्या फाटकाला ऐकवलं. झालं होतं असं, की वियोनोने त्यांना फळ तोडून दिलं, सरळ ओढून. देठ झाडावर राहिला. बाईंनी त्याचा हात धरला, फळावर ठेवला आणि म्हणाल्या, "ओढायचं नाही रे. आधी वर उचल, मग वळव. मी परकर नेसत होते तेव्हा इथल्या एका बाईने शिकवलंय मला. तू इथला नाहीस वाटतं? रोजावर आलायस का?"

मी इतकी हसले की हातातला झारा सूपमध्ये पडला. यू हसली नाही. तिने त्या बाईंना जवळ बोलावून विचारलं, "देठ आणलात?" बाईंनी पिशवी उघडून दाखवली. एकूणएक फळ देठासकट. यूचे डोळे भरून आले. तिने बाईंचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

वियोनो बाजूला उभा राहून बघत होता. त्या सुटीत तो रोज वर गेला, इतकंच.

सुटी संपली, फळ उतरलं. एके दिवशी टपरीवर येऊन तो म्हणाला, "एमाक, म्बाह कार्सोंना विचारून आलो. वागेच्या दिवशी सामिरान येईल वर."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. यूने मान हलवली. "बरं, ले."

तो गेल्यावर मी म्हटलं, "उद्याच बायांना बोलावते. तू नुसती खाली बसून शिव्या दे, खुडायचं आम्ही बघतो."

"नको, पिनी."

"अगं पण..."

"एकदा फसवलं तेवढं पुरे. आईने पोराला किती वेळा फसवायचं? त्याने माझ्यासाठी एक हंगाम काढला. चार दिवस सूप पिऊन काढला, पण काढला ना?" ती पदराने नाक पुसत होती. "वागेला मला वर घेऊन चल तेवढं. बघून येईन."

वागेच्या सकाळी ती लग्नाकार्यात घालायचा निळा झंपर घालून आली. केसांना तेल, पायात चपला. मला रडू आलं, ते मी खोकून घालवलं. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी. चढ संपता संपेना. अर्ध्यावर ती थांबली. "करवत ऐकू येते का गं?"

"नाही."

"मला वय झाल्यामुळे येत नाही वाटलं."

वर पोचलो. करवत नव्हतीच. सामिरान आणि त्याचे दोन गडी झाडांना लागले होते, आणि मधल्या झाडावर शिडी टाकून वियोनो पानं ओरबाडत होता. अक्षरशः ओरबाडत होता, मूठमूठभर. पहिली ओळ उघडी होऊन उभी होती.

यू तिथेच थांबली. माझ्या खांद्यावरची तिची बोटं रुतली. मग तिने जी आरोळी ठोकली ती खालच्या मशिदीपर्यंत गेली असेल.

"अरे गाढवा! एकेक पान, एकेक! फांदीचे डोळे काढतोस का सगळे? कुणी शिकवलं हे तुला?"

"कुणी नाही शिकवलं!" तो शिडीवरून ओरडला. "तू सगळ्या सुराबायाला शिकवलंस, मला कधी शिकवलंस?"

यूचं तोंड उघडंच राहिलं. चाळीस वर्षांत मी ते असं बिनआवाजाचं उघडं बघितलं नव्हतं. सामिरान मान खाली घालून हसत होता.

"म्हातारी झालीत ती," वियोनो हळू आवाजात म्हणाला. "कडेच्या दोन ओळी मरायलाच टेकल्यात. तिथे संत्री लावणार. बाकीची राहू देत."

"लाव की," यू म्हणाली. आवाज ताळ्यावर यायला तिला जरा वेळ लागला. "संत्री खाऊन कंटाळले की लोक माझ्याचकडे येतील."

मी टोपली उपडी करून तिला तिच्यावर बसवलं. मग ती काठीने दाखवत गेली आणि तो खुडत गेला. "ते नाही, त्याच्या खालचं. हां. हळू. बाळाच्या कानातला डूल काढतोस असं." दुपारपर्यंत हे चाललं. एवढी ओरडणारी आणि एवढी सुखी बाई मी दुसरी बघितली नाही.

शेवटच्या झाडावर पानांआड एक फळ राहून गेलं होतं, कुणाच्याच नजरेला न पडलेलं. पानं गेली तसं उघडं पडलं. वियोनोने शिडीवरून हात लांबवला, थांबला, फळ तळव्यावर उचललं आणि वळवलं. मग खाली उतरला, सदऱ्याला पुसून ते आईपुढे धरलं.

यूने सफरचंद हातात घेतलं. आधी देठ बघितला. मग चावा घेतला, दात आंबून डोळे मिटले, आणि बियांपर्यंत सगळं खाऊन टाकलं.