शेजारच्या ओट्यावरची बत्ती

शेजारच्या ओट्यावर बत्ती आली त्या संध्याकाळी पुतळाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. म्हणजे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं. प्रत्यक्षात तिचा एक डोळा स्वतःच्या पापलेटांवर होता आणि दुसरा शेवंतीच्या ओट्यावर. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचा खिसा ओळखण्यात जिचा जन्म गेला, तिला दोन्हीकडे एकदम बघणं काही जड नव्हतं.

झालं होतं असं. घाटकोपरच्या मासळी बाजाराची जुनी इमारत पाडली आणि नवी उभी राहीपर्यंत सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. शेडमध्ये वीज होती, पण तात्पुरत्या जोडणीची. ऐन गर्दीच्या वेळी, माणसं कामावरून परतताना, ती हमखास जायची. मग मेणबत्त्या निघायच्या, कुणी मोबाईलची बॅटरी लावून तो पाटीला टेकवून ठेवायची. अंधारात मासे घेणारं गिऱ्हाईक मूळचंच संशयी, त्यात मेणबत्तीच्या उजेडात पापलेटही पिवळं दिसतं. मग काय, बाजार बसायचा.

आणि अशात एक दिवस शेवंतीची सून हेमांगी छोटीशी एलईडी बत्ती घेऊन आली. चार्जिंगवाली, वरती कडी असलेली. शेडच्या लोखंडी पाइपाला तिने ती अडकवली, बटण दाबलं, आणि शेवंतीच्या कोळंबीवर दुधासारखा उजेड सांडला. आजूबाजूच्या बायका "अगो बाय!" म्हणाल्या. शेवंतीने मान अशी काही वेळावली की जणू वीज तिनेच शोधून काढली होती.

"सुनेनी आणली," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

पुतळाबाईच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं, ते कुठल्याही ओव्याने थांबणारं नव्हतं.

दोघी ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या. एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, एकाच टेम्पोतून पाट्या घेऊन घाटकोपरला येणाऱ्या, शेजारी शेजारी बसणाऱ्या. एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या मासळीची त्यांनी राखण केली होती आणि एकमेकींची गिऱ्हाइकंही पळवली होती. पण त्या हिशेबात पुतळाबाईच नेहमी वरचढ. तिचा हात साफ. सुरमईच्या तुकड्या अशा एकसारख्या पाडायची की बघणाऱ्याने बघत राहावं. शेवंतीच्या तुकड्या एक जाड, एक बारीक. "शेवंतीकडनं घेतलीस तर जावयाला जाड तुकडी वाढ आणि नवऱ्याला बारीक," असं पुतळाबाई गिऱ्हाइकांना सांगायची, शेवंतीला ऐकू जाईल अशा बेताने.

तर अशा शेवंतीकडे बत्ती आली. आणि खरं सांगायचं तर दुखणं बत्तीचं नव्हतंच. दुखणं बत्तीखाली पाटावर बसलेल्या हेमांगीचं होतं.

कोळणींमध्ये बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे जाते. पुतळाबाईला तिच्या सासूने हाताला धरून या बाजारात आणलं, ओट्यावर पाणी मारलं, हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून ही बसंल." त्या दिवशी पुतळाबाई रडली होती, कारण तिला शिवणकामाच्या क्लासला जायचं होतं. पण बसली. पुढे नवरा धाकू होडीवरून आला तो आजार घेऊन, आणि याच ओट्याने घर चालवलं, मुलाला, मुकुलला, शिकवलं. मुकुलने लग्न केलं ते रोशनीशी. मुलगी कोळ्यांचीच, पण पवईला ऑफिसात, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. रोशनी वाईट होती का? मुळीच नाही. सासूच्या गुडघ्यांना तेल लावायची, बोंबील सासूपेक्षा कुरकुरीत तळायची. फक्त ओट्यावर ती बसणार नव्हती, आणि तिला ते विचारण्यातही अर्थ नव्हता. हे पुतळाबाईला कळत होतं. पण कळल्याने जळणं थांबतं असं कुणी सांगितलं?

हेमांगीला काही येत नव्हतं. बांगडा साफ करायला घेतला की बांगड्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली. पण ती बसायची. शेवंती तिच्यावर खेकसायची, ती हसायची, पुन्हा कोयता उचलायची. आणि पुतळाबाई पलीकडून बघत राहायची. आपल्यामागे या ओट्यावर कोण बसणार, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि शेवंतीचं उत्तर रोज समोर पाटावर बसलेलं असायचं, डोक्यावर बत्ती घेऊन.

घरी तिने विषय काढला तो आडूनच. "बाजारात हल्ली लाईट जाते," ती म्हणाली.

रोशनीने लगेच फोन उघडला. "आई, सांगायचं ना मग! उद्या येईल घरी. हे बघा, किती आहेत."

किती म्हणजे काय, बत्त्यांची जत्राच होती. गोल, चौकोनी, घडी होणाऱ्या, उन्हावर चार्ज होणाऱ्या. प्रत्येक फोटोत डोंगरावर तंबू, तंबूपुढे बत्ती आणि बत्तीपुढे दात काढणारं कुटुंब.

"ही मानसा घर सोडून रानान कशाला बसलीत?" पुतळाबाईने विचारलं.

"कॅम्पिंग, आई. मजा म्हणून जातात."

"अंधारान बसायची मजा? आमच्या शेडमधे बोलाव त्यांना. फुकट बसवते."

रोशनी हसली. "मग कुठली मागवू?"

पुतळाबाईने फोनवरून नजर काढली. घरपोच येणारी बत्ती तिला नको होती. सून ती हातात घेऊन बाजारात आली असती, पाइपाला अडकवून "आमच्या आईंसाठी" म्हणाली असती, तर गोष्ट वेगळी. हे तोंडाने मागायचं कसं? "नको. मीच बगते," ती म्हणाली, आणि उगाचच भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टेशनाजवळच्या मितेशच्या विजेच्या दुकानात गेली. मितेश तिशीचा, गोड बोलणारा, कपाळाला केशराचा टिळा. त्याने काउंटरवर हौसेने बत्त्या मांडल्या. कुठली किती तास चालते, कुठल्या काचेवर पाणी पडलं तर चालतं, कुठल्यात पांढरा आणि पिवळा दोन्ही उजेड, सगळं समजावून सांगितलं. पुतळाबाईने शांतपणे ऐकलं. मग पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि काउंटरवर सोडली. आत एक पापलेट आणि सुरमईचं डोकं होतं.

मितेश खुर्चीसकट मागे सरकला. "मावशी! अरे, हे काय काढलं? इकडे नको ना, प्लीज. पप्पा आत्ताच पूजा करून बसलेत."

पुतळाबाईला त्याचं बिचकणं समजेना. साडी घेताना बाई ती अंगावर लावून बघते. मग मासळीवर लावायची बत्ती मासळीवर लावूनच बघणार ना?

"मना काय तंबून बसायचंय?" ती म्हणाली. "याच्यावर कशी दिसते ते बगू दे."

आतल्या खोलीतून "मितेश, कसला वास?" असा आवाज आला. मितेशने एका हाताने नाक धरलं, दुसऱ्या हाताने बत्त्या गोळा केल्या आणि मावशीला इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे पुतळाबाई उकिडवी बसली, मासे पुढ्यात मांडले आणि हुकूम सोडायला लागली. "ही लाव. आता ती." मितेश भिंतीकडे तोंड करून बटणं दाबत होता.

पिवळ्या उजेडात सुरमईचे कल्ले लालभडक दिसले, पण पापलेट परवाचं वाटायला लागलं. पांढऱ्यात पापलेट नव्या रुपयासारखं चमकलं, पण कल्ले काळवंडले. छोट्या बत्तीचा उजेड ओट्याच्या टोकापर्यंत पोचणार नव्हता. दोन्ही रंग एकत्र लागणारी एक होती, बुटकी, जाडजूड, मोठ्या सेलवर चालणारी. ती लावल्यावर मीटरच्या खोलीतली जळमटंसुद्धा मोजून घ्यावी अशी दिसली.

"मावशी, ही तुम्हाला जास्त होईल," मितेश भिंतीलाच म्हणाला. "तुमचा ओटा केवढा? छोटीमध्ये पण काम होऊन जाईल."

"शेवंतीच्या बत्तीपेक्षा मोटी हाय ना?"

"कोण शेवंती?"

"हाय एक. हीच दे."

संध्याकाळी वीज गेली तेव्हा पुतळाबाई तयारच होती. तिने बटण दाबलं आणि शेडचा तेवढा कोपरा दिवसासारखा झाला. बायका "अगो बाय, पुतळे!" म्हणाल्या. दोन गिऱ्हाइकं अर्ध्या वाटेतून वळून तिच्याकडे आली. पापलेट चमकत होतं, कल्ले लाल होते, आणि पुतळाबाईच्या जिवाला असा गारवा मिळाला की गुडघेसुद्धा दुखायचे थांबले. तिने शेवंतीकडे बघितलं, आता मात्र उघड उघड.

शेवंतीने शांतपणे हात वर केला आणि स्वतःची बत्ती बंद केली.

"चार्जिंग वाचतं," ती म्हणाली. पुतळाबाईचा उजेड तिच्या कोळंबीपर्यंत, तिच्या पाटीपर्यंत, तिच्या नाकातल्या मोरणीपर्यंत व्यवस्थित पोचत होता. दोन वाटे कोळंबी त्याच उजेडात तिने विकलीसुद्धा.

पुतळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे हिचे, सेल हिचे, मीटरच्या खोलीत मान मोडून बसली ही, आणि धंदा शेवंतीचा! तिने बर्फाच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण उचललं आणि दोन ओट्यांच्या मध्ये उभं केलं. शेवंतीच्या ओट्यावर काळोख पडला.

"पुतळे, लाज नाय वाटत?"

"तुजी बत्ती लाव की. सुनेनी आणलीय ना!"

तेवढ्यात शेवंतीकडे एका बाईने आख्खी सुरमई घेतली आणि तुकड्या पाडून मागितल्या. शेवंतीने बत्ती लावली, पण काल चार्ज करायची राहिली होती बहुतेक, ती काजव्यासारखी मिणमिणली. हेमांगीने क्षणभर विचार केला. मग ती सुरमई आणि कोयता उचलून झाकणाला वळसा घालून आली आणि सरळ पुतळाबाईच्या मासे कापायच्या ओंडक्याशी बसली.

"मावशी, इकडे कापते हां. तिकडे बोट कापून घेईन मी."

पुतळाबाई नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण पोरीने कोयता इतका वाकडा धरला होता की तिच्याच्याने बघवेना. "असा नाय गो. मनगट सैल सोड. काट्यावर आला की थांब, मग वरून दाब दे." तिने हेमांगीच्या हातावर हात ठेवला. पहिली तुकडी फाटली. दुसरी बरी आली. चौथी अशी पडली की पुतळाबाई स्वतःशीच "हां" म्हणाली.

"झकास ना, मावशी?" हेमांगी हसत होती.

"हात हाय तुज्यात. कुनी शिकवलाच नाय."

हे ती मोठ्याने म्हणाली. पलीकडे शेवंतीचा चेहरा काळवंडला. पुतळाबाईने तो चेहरा लगेच ओळखला, कारण इतके दिवस तो तिचाच चेहरा होता. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, भरपूर आनंद झाला. हेमांगी गिऱ्हाइकाचं आटपून पुन्हा तिथेच टेकली होती, पापलेटाला चीर कशी द्यायची ते विचारत होती, आणि पुतळाबाई सांगत होती. सासूने तिला सांगितलेलं, तिने कुणालाच कधी न सांगितलेलं, सगळं सांगत होती. आणि या ओट्यावर दोन बायका बसलेल्या किती छान दिसतात, असं तिच्या मनात येऊन गेलं.

आणि वीज आली.

शेडभर ट्यूबलाइट फडफडून लागल्या. शेवंतीने हाक मारली, "हेमांगी, ये इकडं." हेमांगी उठली, कोयता पुसला, झाकणाला वळसा घालून आपल्या पाटावर जाऊन बसली.

"मावशी, लाईट आली," तिकडून ती म्हणाली. "बत्ती बंद करा ना."

पुतळाबाईने बत्ती बंद केली नाही. तिने पाटीतली स्वतःची सुरमई, त्या दिवसाची सगळ्यात मोठी, उचलून ओंडक्यावर ठेवली. "ये गो हेमांगी. मोटीच्या तुकड्या दाखवते. मोटीचा हात येगळा असतो."

हेमांगी अर्धवट उठली. सासूकडे बघितलं. पुन्हा बसली. "उद्या, मावशी."

गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय आख्ख्या सुरमईला कोयता लावायचा नाही, हे बाजारातल्या कुठल्याही कोळणीला कळतं. कापलेली सुरमई दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. पण सगळ्यांदेखत ओंडक्यावर ठेवलेला मासा उचलून परत पाटीत ठेवायचा, तेही शेवंती बघत असताना, हे पुतळाबाईला जमणारं नव्हतं. तिने कोयता घेतला. पहिली तुकडी पडली, मग दुसरी, एकीसारखी एक. शेवंती मान वर करून बघत होती.

"आख्खी कापलीस? कुनी मागितली गो?"

"माज्या सुनेनी," पुतळाबाई म्हणाली, आणि पुढची तुकडी कापली.