वहिनीने वाटेतच जीप थांबवली

मंडळी, आज थोडक्यात वाचलो, म्हणून तुमच्याशी बोलतो.

आज सकाळी चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी हुडकेश्वरहून पारशिवनीला निघालो. आमची जुनी जीप, आत सगळं घर आणि स्टिअरिंगवर वहिनी. हायवे लागायच्या आधीच तिने गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबवली वं?" दादा वैतागला.

"स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी इकडंतिकडं पळून राहिली."

"जुनी गाडी आहे, एवढं चालते. मुहूर्त टळून राहिला ना!" बाबा म्हणाले.

वहिनी खाली उतरली. तिने मला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितलं आणि स्वतः काठापदराची साडी खोचून पुढच्या चाकापाशी वाकली.

"भाऊजी, स्टिअरिंगचा आतला दांडा हालते, पण चाक हालून नाही राहिलं. दोघांना जोडणारा जॉइंट गेला." मग उठून बाबांना म्हणाली, "मामाजी, मी ही गाडी पुढं नाही नेत."

बाबांना असं तोंडावर 'नाही' आमच्याकडे कोणीच म्हणत नाही. सगळे खाली उतरलो.

जवळच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. त्याने खालून एक हिसका दिला, तर जॉइंट निखळून हातातच आला. हायवेवर निखळला असता, तर स्टिअरिंग फिरवूनही चाक वळलं नसतं. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग एवढंच म्हणाले, "सूनबाई, तू होती म्हणून."

दुसरी गाडी करून आम्ही उशिरा पोचलो, पण सगळे पोचलो.

सगळ्यांना घाई असताना 'थांबा' म्हणायची हिंमत तुमच्या घरात कोणाकडे आहे? आणि तुम्ही त्यांचं ऐकता का?