पहिलीच साडी

नव्या साडीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला माझी अ‍ॅडमिशन आठवते. बारावी झाल्यावर कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरायला मी मामासोबत सुरतेतल्या लिंबायत भागातल्या सायबर कॅफेत गेले होते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच आणि मामा साडी मार्केटमधला मुरलेला सेल्समन, त्यामुळे बाहेरच्या जगाशी व्यवहार त्यानेच करायचा असं ठरलेलं. कोर्सच्या पसंतीक्रमात मी सगळ्यात वर बी.सी.ए. टाकायला लागले, तसा त्याने माझा हात धरला. "येडी शे का तू? चांगला माल कधी आधी काढतात का? आधी साधा दाखवायचा, समोर बसलेल्या घराकाने नको म्हणून मान हलवली की मग खरा." कॅफेवाला काहीतरी सांगू बघत होता, पण सुरतेत साडी विकणाऱ्याशी वाद कोण घालणार? बी.सी.ए. तळाशी गेलं आणि कोणी बोट लावणार नाही म्हणून वर बसलं वनस्पतिशास्त्र. यादी लागली. मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये पहिली पसंती मिळाल्याबद्दल माझं अभिनंदन केलेलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मामा मात्र तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "पहिल्याच साडीला हो म्हणणारा घराक मी उभ्या जन्मात बघितला नाही." आता मी वनस्पतिशास्त्रच शिकवते, तेही आवडीने. साडी घ्यायला गेले की सेल्समन जी पहिली उघडतो तीच बांधायला सांगते, आणि सोबत आलेला मामा लाजेने दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो.