गोंगाटाचं हॉटेल

मुलांना कुठे जेवायला न्यायचं हे ठरवताना लोक मेनू बघतात, गाडी लावायला जागा आहे का ते बघतात, खेळायला काही आहे का असं विचारतात. मी त्या आठवड्यात आवाज बघत होतो. जिथे पुरेसा गोंगाट असेल, उजेड बेताचा असेल आणि मुलांचं लक्ष सारखं दुसरीकडे जात राहील, अशी जागा मला हवी होती. कारण तिथे मला त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगताना माझा चेहरा त्यांना नीट दिसू नये, आणि खरं म्हणजे त्यांचा मला दिसू नये, एवढीच माझी इच्छा होती. हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

वाक्य साधंच होतं. बाबा आता घरी राहायला येणार नाही.

वर्षाहून जास्त काळ मी विश्रांतवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होतो. मुलांना सांगितलं होतं, ऑफिस जवळ पडतं. मुलं त्यांच्या आईबरोबर आणि आजीबरोबर सिंहगड रस्त्याला, धायरीच्या अलीकडे. एकाआड एक रविवारी मी त्यांना बाहेर नेत असे. आमच्यात मोठी भांडणं झाली नव्हती. दारू नव्हती, दुसरं कोणी नव्हतं. मी हळूहळू घरात बोलेनासा झालो आणि मग एक दिवस घरात राहिनासा झालो. कोणी कारण विचारलं तर आजही मला धड सांगता येत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त खातं. कोर्टातलं सगळं उरकलं तेव्हा त्यांची आई पायऱ्या उतरताना म्हणाली, "मुलांना तू सांगायचंस. ऑफिस जवळ पडतं हे तूच सांगितलं होतंस ना? मग हेही तूच सांग." आवाज चढवला नाही. तिने तो कधीच चढवला नव्हता.

तर जागा. आधी मनात आलं ते नारायण पेठेतलं एक जुनं हॉटेल, जिथे मी कॉलेजात असताना मिसळ खायचो. पण तिथे टेबलं इतकी चिकटून की आपलं बोलणं शेजारच्या चार जणांच्या ताटात पडतं, आणि त्यातला एखादा तरी सल्ला देतोच. मग खडकवासल्याचा विचार केला. धरणाच्या भिंतीलगत भाजलेली कणसं, भजी, मुलांना पाणी आवडतं. पण तिथे आकाश फार मोठं आहे. माणसाला तोंड लपवायला जागा नाही.

शेवटी ऑफिसमधल्या एकाने नदीपलीकडचं एक नवं हॉटेल सुचवलं. आत सगळं अंतराळ केलेलं. काळं छत, त्यात बारीक दिवे, तारांना लटकलेले ग्रह, आणि मध्यभागी खोलीएवढा मोठा चंद्र, आतून उजळलेला. ताटं घेऊन एक चाकांवरचा रोबो फिरतो. मी शनिवारी एकटाच तिथे जाऊन आलो. मोसंबीचा रस मागवला आणि निळ्या अंधारात बसून राहिलो. शेजारी कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, पोरं किंचाळत होती, गाणी लागली होती. सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. ग्रह संथ फिरत होते. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून माझं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. कोणी वळून बघितलं नाही. मलाही ते नीट ऐकू आलं नाही. मी तेच टेबल दुसऱ्या दिवसासाठी सांगून ठेवलं.

रविवारी संध्याकाळी मुलं इमारतीच्या खाली येऊन उभी होती. मोठी सहावीत, धाकटा दुसरीत. मोठीच्या खांद्याला कापडी पिशवी होती. विचारलं तर म्हणाली, "असंच." थंडीचे दिवस होते. गाडीच्या काचा धुरकट झाल्या होत्या आणि धाकटा त्यांवर बोटाने रॉकेट काढत होता, कारण कुठे चाललोय ते मी त्याला फोनवर सांगून टाकलं होतं.

आत शिरल्यावर तो चालायचाच थांबला. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून तो नुसता उभा राहिला. त्याच्या गालांवर निळा उजेड पडला होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं हरवलेलं बघत होतो आणि क्षणभर मलाही वाटलं की आपण खरोखरच त्यांना गंमत म्हणून इथे आणलंय.

"ताई, शनीला बघ, कडं पण आहे."

"थर्माकोलचं आहे," ताई म्हणाली. पण तीही बघत होती.

धाकट्याने पिझ्झा मागवला, त्याला तिथे मंगळ म्हणत होते. रोबो आला, टेबलापाशी थांबून बायकी आवाजात म्हणाला, "प्लीज, आपली प्लेट घ्या." धाकट्याने त्याला तीनदा थँक यू म्हटलं. मोठीने फक्त पाणी घेतलं.

"तुला काय सांगू?" मी विचारलं.

"भूक नाहीये."

"थोडंसं?"

"नको, बाबा."

मला वाटलं, हिला कळलंय. आई घरी काहीतरी बोलली असणार आणि हिने आधीच तोंड फिरवलंय. मनात चीड आली, आणि तिच्या जोडीने जरा हायसंही वाटलं, हेही कबूल करायला हवं. मी फ्राइजची प्लेट तिच्याकडे सरकवली.

"फ्राइज खा की, ताई," धाकटा तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "बटाटा चालतो तुला."

"त्याच तेलात हे लोक ओनियन रिंग्ज तळतात."

"कांद्याचं काय?" मी विचारलं. "कांदा कधीपासून सोडलास?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. धाकट्याच्या चेहऱ्यावर तर माझ्याबद्दल काळजीच होती.

"बाबा, आज चतुर्थी आहे," तो म्हणाला. "कॅलेंडरवर नाही बघितलंस?"

माझ्या फ्लॅटमध्ये कॅलेंडर नाही. घरी होतं, ओट्याशेजारच्या भिंतीवर, आणि संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ बारीक अक्षरात छापलेली असायची, एवढं मला आठवतं. इतकी वर्षं त्या भिंतीजवळ उभं राहून मी चहा प्यायलो. ते वाचायचं काम माझं कधी नव्हतं. पुण्यात वाढलेल्या माणसाने मुलांना हॉटेलात न्यायला नेमकी संकष्टी निवडावी, हे फक्त घराबाहेर पडलेल्या माणसालाच जमतं.

"मग सांगायचं नाही का? पुढच्या रविवारी आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," मोठी म्हणाली. "तू म्हणाला असतास पुढच्या रविवारी. आई म्हणत होती, सांग त्याला. मी म्हटलं, बघू, त्याच्या लक्षात येतंय का."

"आणि नाही आलं."

"नाही आलं."

ती हसली नाही, पण रागावलेलीही वाटली नाही. पावतीवर शिक्का मारावा तसं म्हणाली.

"कधीपासून करतेस?"

"दिवाळीच्या आधीपासून," उत्तर धाकट्याने दिलं. "आजीने सांगितलं. एकवीस करायच्या आणि एक मागायचं. ताईने मागितलंय की बाबा घरी..." तो थांबला. टेबलाखाली त्याला लाथ बसली असावी. "सॉरी. सांगायचं नसतं."

वर ग्रह फिरत राहिले. वाढदिवसाचं गाणं पलीकडे पुन्हा सुरू झालं, आज दुसऱ्याच कोणाचं तरी. जे बोलायला मी ही जागा निवडली होती ते बोलायला याहून चांगली वेळ आली नसती. आवाज भरपूर होता. मी तोंड उघडलं आणि मला जाणवलं की मला ओरडून सांगावं लागेल. हे असं वाक्य ओरडून.

"आता चंद्र बघितल्याशिवाय खायचं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"हा आहे की एवढा मोठा," धाकट्याने छताकडे बोट दाखवलं. "याला नमस्कार कर आणि माझा एक पीस खा."

"तो बल्ब आहे."

"खऱ्या चंद्राला पण स्वतःचा उजेड नसतो. टीचरने सांगितलंय."

"मग तुझ्या टीचरला सांग उपास करायला."

मी काउंटरवरच्या बाईंकडे गेलो. म्हटलं, गच्चीवर जाता येईल का, मुलीला चंद्र बघायचाय. त्यांनी मान वर केली. "संकष्टी ना? जा, त्या दाराने जिना आहे. माझाही उपासच आहे. दिसला की येताना मला सांगून जा."

जिन्याच्या दोन वळणांवर गाणी मागे पडली. गच्चीत पाण्याच्या टाक्या होत्या, स्वयंपाकघराच्या धुरांड्यातून तळणाचा वास येत होता, आणि वारा गार होता. पूर्वेला बांधकामावरचे टॉवर उभे होते, काही पूर्ण, काही नुसतेच सांगाडे, आणि एका क्रेनच्या टोकाला लाल दिवा. त्यांच्यामागे आकाश फिकट होत चाललं होतं. चंद्र उगवलेला होता, फक्त आमच्यासाठी नव्हता. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाली गाड्यांचे दिवे दुधाच्या धारेसारखे वाहत होते आणि त्यांचा आवाज इथवर येईपर्यंत मऊ होत होता. मोठीने पिशवीतून पाण्याची बाटली आणि अक्षतांची पुडी काढून कठड्यावर ठेवली. धाकटा माझ्या जॅकेटच्या खिशात हात घालून माझ्या अंगाला टेकला होता. त्या वेळी मला असं वाटत होतं की हे असंच राहावं. चंद्र त्या इमारतीमागेच अडकून राहावा, कोणी काही मागू नये, कोणी काही सांगू नये, आणि आम्ही तिघांनी या धुरकट उजेडात म्हातारं व्हावं.

पण ती थोड्या वेळात हात जोडून ते मागणार होती. आणि मी सह्या करून आलो होतो. तिला आधी मागू द्यायचं, मग खाऊ घालायचं आणि मग सांगायचं, हे मी करू शकलो असतो. सवय होती.

"ऐका दोघं," मी म्हणालो. "मी आता घरी राहायला येणार नाहीये. ऑफिसचं कारण खोटं होतं. आई आणि मी वेगळे झालोय. आईने काही केलेलं नाही, तुम्ही तर नाहीच. मीच गेलो."

इतक्या शांततेत माझा आवाज मला परक्याचा वाटला. लपायला काही नव्हतं.

"माहितीये," मोठी म्हणाली. ती समोरच बघत होती.

"आईने सांगितलं?"

"नाही. दिवाळीनंतर तू उरलेले हिवाळ्याचे कपडे आणि रजई घेऊन गेलास तेव्हाच. ऑफिस जवळ पडतं म्हणून कोणी रजई नेतं का?"

"मग हे उपास कशाला?"

"एकवीस बोलले होते मी. अजून खूप राहिलेत." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मध्येच कसं सोडणार?"

ती मला टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं.

"आजीला विचारलं, मागणं बदललं तर चालतं का," ती म्हणाली. "ती म्हणाली, चालतं."

"काय मागतेस आता?"

"सांगायचं नसतं, बाबा."

धाकट्याचा हात माझ्या खिशातून कधी निघून गेला ते मला कळलंच नाही. तो टाकीपाशी जाऊन पाठमोरा उभा होता. त्याला माहीत नव्हतं. ताईने इतके दिवस त्याच्यापासून ते लपवून ठेवलं होतं आणि मी एका दमात बोलून मोकळा झालो होतो.

"कधीच नाही?" तो टाकीलाच विचारत होता.

"राहायला नाही. भेटायला येणार. नेहमी."

"रात्री नाही."

"रात्री नाही."

मी त्याच्याजवळ गेलो तर तो टाकीच्या पलीकडे सरकला. पुन्हा गेलो, तो आणखी सरकला. मग मी खाली सिमेंटवर बसलो आणि तो तिकडे हुंदके देत असताना इकडे नुसता बसून राहिलो. टाकीच्या कडेने त्याचा चेहरा मला दिसत होता. चांगलाच दिसत होता.

"आला," मोठी हळूच म्हणाली.

सांगाड्याच्या दोन मजल्यांमधून पिवळी कड बाहेर आली, मग हळूहळू सगळा चंद्र, एका बाजूने जरा झिजलेला, विटकरी रंगाचा. तिने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन सोडलं, अक्षता टाकल्या, डोळे मिटले. ओठ हलत होते. बराच वेळ हलले. मग पिशवीतून आईने दिलेला राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा केला आणि धाकट्यापाशी जाऊन त्याच्या हातात कोंबला. तो रडत रडत खायला लागला. मला तिने दिला नाही, मी मागितला नाही.

जाताना तिने काउंटरवर थांबून सांगितलं, "दिसला, काकू." बाईंनी मान डोलावली आणि खुर्ची मागे सरकवली.

आम्ही परत निघालो. पुलावरून नदीत दिव्यांच्या लांब रेघा दिसत होत्या. आरशातून बघितलं तर मोठी झोपली होती आणि धाकटा जागा, काचेला कपाळ टेकून. त्यांच्या इमारतीशी पोचलो तेव्हा तो एकदम म्हणाला, "पुढच्या वेळी जागा मी ठरवणार."

"बरं."

"आणि तिथे काही सांगायचं नाही. नुसतं खायचं."

"बरं," मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी गाडीचं दार उघडायला उतरलो.