तळेकर सरांचा तंबू

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी आठ. शाळेचं मैदान, तळेकर सरांची शोकसभा. हजर: सरांची बहीण आक्का, आमच्या धावण्याच्या गटातले अकरा जण, लांज्याहून आलेली निशा आणि गटाची सगळी व्यवस्था पाहणारी मी.

सर व्यायामशिक्षक. पळायला नवं कोणी आलं की ते पाय बघत नसत. अंगठ्याने खालची पापणी ओढून आतला रंग बघत. "पापणी दाखव. पाय पळतात ते रक्तावर." निशाची पापणी पाहून म्हणाले होते, "गो बाय, ही तर पांढऱ्या जास्वंदीची पाकळी." तरीही पाच हजार मीटरमध्ये ती जिल्ह्यात पहिली आली. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी हवी तर राज्याच्या निवडीत पहिल्या तिघींत यायला हवं होतं, आणि वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती.

सरांनी पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून तंबू आणला. तो पलंगावर लावायचा. शेजारच्या यंत्रातून आत विरळ हवा यायची. निशा चार आठवडे आक्कांच्या खोलीत त्या तंबूत झोपली. "झोपायचं रत्नागिरीत, हवा डोंगरमाथ्यावरची," सर सांगत. "प्राणवायू कमी पडला की शरीर जादा तांबड्या पेशी बनवतं. मात्र लोह हवं. चिरेच नसतील तर गवंडी भिंत कशाची घालणार?" आक्का म्हणायच्या, "देवानं फुकट दिलेली हवा काढून घ्यायला ह्यानं मशीन आणलंन."

वेळापत्रक मी केलं, टाईप करून तंबूच्या दांड्याला अडकवलं. साडेपाच: बाहेर येणे. पावणेसहा: चहा आणि लोहाची गोळी. सहा: मैदान. सर ते वाचून मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या यादीत चूक सापडायची नाही." आक्का रोज बशीत गोळी ठेवून कप पुढे करत.

महिन्याने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन होतं तिथेच. निवडीत निशा चौथी आली. परतीच्या एसटीत सर एवढंच बोलले, "पोरीला महिनाभर उगाच घुसमटवली मी." त्यानंतर ते मैदानावर येत, पण कोणाची पापणी पाहत नसत. एका नव्या मुलीने आपणहून चेहरा पुढे केला, तर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" निशा लांज्याला काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.

दिवाळीनंतर मलाच डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. औषधवाला म्हणाला, "चहाबरोबर घेऊ नका हां. चहा लोह अंगी लागू देत नाही." मला वेळापत्रकातली पावणेसहाची ओळ आठवली. तेवढ्यानेच सगळं बिघडलं असं म्हणता येणार नाही. पण ती ओळ माझी होती. 'सरांना सांगणे' असं वहीत लिहिलं आणि रोज पुढच्या पानावर उतरवत राहिले. मग सर हातखंब्याला एसटीची वाट बघताना बाकावर बसल्या बसल्याच गेले.

सभा संपली. सतरंज्या उचलल्या, खुर्च्या परत पाठवल्या, फोटो आक्कांकडे दिला. निशा चहाचे कप गोळा करत होती. म्हणाली, "काकी, सरांचं चुकलं कुठे, तुम्हाला तरी कळलं का?"

मी म्हटलं, "तुझी एसटी सुटेल बघ."

घरी येऊन वहीतल्या आजच्या एक सोडून सगळ्या ओळींवर काट मारली. त्या ओळीतलं 'सरांना' खोडून 'निशाला' केलं. ती ओळ तशीच आहे.