भासऱ्यांनी मारलेला फवारा

आमच्याकडे सुनेनं भासऱ्याशी थेट बोलायचं नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमचे भासरे शेजारीच राहतात, त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, माझ्या बांध्यांना लागून आहेत, मधे फक्त एक धुरा, हातभर मातीचा बांध. तरी लग्न झाल्यापासून आमचं सगळं बोलणं जाऊबाईंमार्फत. ते अंगणात यायच्या आधी खोकतात, मी डोक्यावर पदर घेते, आणि समोरासमोर उभं राहून दोघंही जाऊबाईंना सांगतो. बाहेरच्याला हसू येईल. येऊ द्या, आमचं असंच चालत आलं आहे.

माझे घरचे, म्हणजे नवरा, चिखल्याच्या खाणीत कामाला, म्हणून वावर माझ्याकडे. चार वर्षांपासून मी त्यात रासायनिक काही घालत नाही. शेणखत, जीवामृत, निंबोळीचा अर्क, बस. आम्हा बायांचा एक गट आहे. आमचा चिन्नोर तांदूळ भंडाऱ्या-नागपूरच्या घरांत थेट जातो. घेणारे विचारतात, "औषध नाही ना मारलं?" आम्ही म्हणतो, "नाही." आमचा सगळा धंदा या एका "नाही"वर उभा आहे हो!

यंदा धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या, आणि तुडतुड्याची कीड पडली. गावात बांध्याच्या बांध्या करपल्या. माझ्याही धानात पिवळे डाग पडायला लागले. मी पाणी काढून टाकलं, निंबोळी मारली, पुन्हा मारली.  तेवढ्यात करडीहून भावाचा निरोप आला, आई पडली म्हणून. दोन दिवस तिकडे राहणं भाग होतं.

परत आले ती सरळ वावरात गेले. धुऱ्यावर पाय ठेवला आणि नाकात वास भरला. औषधाचा. बांधीच्या कोपऱ्यात उरलेल्या पाण्यात बेडकं उलटी पडली होती, बारके मासे पांढरे पोट वर करून तरंगत होते. माय वं! 

जाऊबाई हसत हसत आल्या. "तुया भासऱ्यानं आपल्याच खर्चानं मारून देल्लं. म्हणाले, लहान भाऊ खाणीत, बाई एकटी, तिच्या बांधीत पंप कोण चालवन?"

आता बोला! या माणसाला माझ्यापाशी औषध मारायला कोणी नाही असं वाटत होतं. मी मारत नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं? चार वर्षांत मी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. आणि जाऊबाईंना मी जे जे सांगितलं, ते त्यांनी पुढं काय नेलं, देव जाणे.

डोकं असं सटकलं होतं! पण भांडू कुणाशी? भासऱ्यांशी बोलायचं नाही, आणि जाऊबाई तर चहा ठेवायला निघाल्या होत्या. घरच्यांना फोन केला तर ते म्हणाले, "दादानं चांगलंच केलं ना वं, तू कायले रडून राहिली?" खरंच, मी कायले रडत होते? धान हिरवागार उभा राहिला. आजूबाजूला करपलेलं आणि मधे माझं पीक, दृष्ट लागेल असं. पाहिलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. असली फजिती कुणाची होऊ नये.

गटातल्या बाया पाहायला आल्या, कौतुक करायला लागल्या. मला ते ऐकवेना. मी सांगून टाकलं. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगतलं काहून वं? कोणाले दिसलं असतं?" अध्यक्ष बाई मात्र म्हणाल्या, यंदा तुझा तांदूळ आपल्यात नाही, आणि जमिनीची बिनऔषधाची वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील. कुणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर निदान मला भांडता तरी आलं असतं.

धान कापला. तुमसरच्या बाजारात न्यायचं ठरलं. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, आदल्या दिवशी अंगणात खोकला ऐकू आला. मी पदर घेतला. भासरे जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, बोडीच्या पाण्याजवळची लहान बांधी वेगळी चुर म्हणा. तेथ मी औषध नाही मारलं."

मला कळेचना. जाऊबाईंनी विचारलं, "काहून?"

"ते आपल्या दोन्ही घरी खायचं. नातीन आता भात खायले लागली. माह्या बांधीतलं तं सारंच औषधाचं. लेकराले ते कायले चारायचं?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणजे मी औषध मारत नाही, हे यांना माहीत होतं. तोंडाशी हाक आली, पण कोणती मारू? त्यांना कधी हाक मारलीच नव्हती. मी पदर मागे सारला आणि सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं, "मंग बाकीच्या बांध्यायचं कोणाच्या लेकरानं खायचं होतं?"

भासरे दचकले. रागावले नाहीत, खरोखर गोंधळले. मान खाली घालून जाऊबाईंना म्हणाले, "बाकीचं तं विकायचं होतं ना."

आणि मला ऐकूच आलं नसावं, अशा थाटात जाऊबाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, "बाकीचं तं विकायचं होतं, म्हणतात."