टांगेवाला पुरातून आला की नाही

आपल्या नांदेडच्या घराचा ओटा तुम्हाला आठवत असेल. सुट्टीत यायचात तेव्हा शनिवारी तिथे खेळायला मिळायचं नाही म्हणून तुम्ही कुरकुर करायचात. तिथे तीन म्हातारे बसलेले असायचे: तुमचे आबा, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे तुमचे लातूरचे आजोबा, आणि पलीकडच्या गल्लीतले मेडिकलवाले चाचा. विषय एकच, आजवरचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता. ते नेमकं कशावर भांडतात हे तुम्हाला कधी समजलं नाही. आबांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल तुम्ही फोनवर विचारता आणि मी दोन वाक्यांत उत्तर देते. ते पुरेसं नाही हे मला कळतं. सविस्तर सांगायचं तर या भांडणापासूनच सुरू करावं लागेल.

ओट्यावर एक नियम होता. एखादा सिनेमा चांगला म्हणायचा तर तो कुठे पाहिला ते आधी सांगायचं. कोणत्या गावात, कोणाबरोबर, खुर्चीवर बसून की जमिनीवर. टीव्हीवर पाहिलेला धरायचा नाही, फोनवरचा तर नाहीच. चाचांचा आवडता सिनेमा कोर्टकचेरीचा. लग्न झाल्यावर बेगमला घेऊन ते हैदराबादला गेले होते, तिथे पाहिलेला. त्यातला वकील काय बोलला हे ते थोडक्यात आटपायचे आणि बेगमने बुरख्याच्या टोकाने डोळे कसे पुसले ते खुलवून सांगायचे. भाऊजींचा, म्हणजे माझ्या या लातूरच्या दिरांचा, सिनेमा डाकूंचा. लातूरला शिकायला ठेवलेलं असताना कॉलेज बुडवून पाहिलेला. आणि आबांचा सिनेमा टांगेवाल्याचा.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही हे पुढे वाचायच्या आधी तो शोधून काढाल.

आबा शाळकरी असताना देगलूरजवळच्या एका जत्रेत तंबूत त्यांनी तो पाहिला. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे दोरी. आबा आपल्या मामांच्या मांडीला टेकून जमिनीवर बसले होते. भाऊजींना गोवर आल्यामुळे ते घरी आईजवळ राहिले, आणि याचा राग त्यांनी जन्मभर धरला. गोष्ट साधी आहे. एक टांगेवाला, बिनआईची मुलगी, मुलीचं लग्न ठरतं. पूर येतो, पलीकडच्या तीरावरच्या लोकांना आणायला टांगेवाला घोडा पाण्यात घालतो. आबांच्या म्हणण्याप्रमाणे तो वाहून जातो, सगळं गाव रडतं, आणि मग मुलीच्या लग्नात तो पांढरा फेटा बांधून मांडवाच्या दाराशी उभा असतो. पुरातून परत आलेला. तंबूतल्या लोकांनी त्याला पाहून टाळ्या वाजवल्या, बायकांच्या बाजूने कुणीतरी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. आबांच्या लेखी इतका मोठा शेवट दुसऱ्या कोणत्याही सिनेमाला नव्हता.

पुढे भाऊजींनी तोच सिनेमा लातूरला नीट थिएटरात पाहिला. त्यात लग्न आधी होतं आणि पूर मागून. टांगेवाला बुडतो, रिकामा टांगा काठाला लागतो, संपलं. तंबूवाल्याने रिळं मागेपुढे लावली होती. त्या काळी असं व्हायचं, आणि जत्रेतल्या लोकांना दाखवतील तीच गोष्ट खरी वाटायची.

"अण्णा, मेलेला मानूस फेटा बांधून कसा येईल?" भाऊजी म्हणायचे.

"तू बघितलास का तंबूत? तू घरी अंगाला लिंबाचा पाला लावून पडला होतास, बारक्या. गप बस."

"मी लातूरला बघितलो. खुर्चीवर बसून."

"खुर्चीवर बसून बघितलं म्हणून मानूस मरत न्हाई."

चाचा दोघांच्या मधे बसून सुपारी कातरायचे. "अरे भाई, रीलाँ उलटी लगाया उनो," ते समजावायचे. मग भाऊजींकडे वळून आबांच्या नोकरीवरून चिडवायचे, "जाने दो. पाटबंधारे खाते का आदमी है. पूर में कोई बुडा बोले तो इसकू नोकरी का डर लगता."

तुमच्यापैकी मोठ्याने एकदा तो सिनेमा फोनवर काढून आबांपुढे धरला होता. आठवतं? आबांनी चष्मा लावून शेवट पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाले, "हे कापलेलं आहे." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आतून पाणी आणून दिलं आणि परत जाऊन उत्तरपत्रिका तपासत बसले. मी कधी त्या भांडणात पडले नाही. मी इंग्रजी शिकवणारी, मला वाटायचं की रिळांचा घोळ एकदा कळला म्हणजे वाद मिटला. शिकल्यासवरल्या माणसांनी त्यावर इतकी वर्षं का घालवावीत, हे मला कळत नव्हतं.

मग आबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला हे माहीत नाही की त्यांना सगळं कळत होतं. पेपर समोर धरला तर डोळे ओळींवरून फिरायचे. पण बोलायला गेले की घशातून नुसता एक आवाज यायचा, आणि तो आपलाच आहे हे ऐकून ते तोंड मिटून घ्यायचे. बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण बाई घरी यायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येईल ते येईल. ते बोलले नाहीत तर हळूहळू प्रयत्नच सोडून देतील. "त्यांना राग आला तरी चालेल, काकू. पण शब्द यायला पाहिजे."

मी माझ्या पद्धतीने लागले. पुठ्ठ्याचे चौकोन कापले, त्यांवर चित्रं चिकटवली. पाणी, चहा, पंखा, औषध. रोज जेवणाआधी एक तास. आबा डाव्या हाताने ते चौकोन माझ्याकडे सरकवून द्यायचे, रागाने नाही, अगदी सभ्यपणे, हॉटेलात नको असलेली बशी सरकवतात तसे. एक शब्द आला नाही.

शनिवारी भाऊजी लातूरहून एस.टी.ने आले. पिशवीतून जाऊबाईंनी दिलेले धपाटे काढून ओट्यावर ठेवले, पाय धुतले, आबांच्या खुर्चीशेजारी बसले. मी त्यांना त्या बाईंचं बोलणं सांगितलं होतं. त्यांनी भावाच्या वाकड्या झालेल्या ओठाकडे पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तो टांगेवाला पुरात मेला."

आबांनी मान वळवली.

"मेला म्हणलो. घोड्यासकट."

"न्हाई," आबा म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. चाचा उठून उभे राहिले आणि परत बसले. भाऊजींनी मात्र चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "न्हाई कसं? मी बघितलो की," म्हणून त्यांनी भांडण पुढे ओढलं. त्या दिवशी दुसरा शब्द आला नाही, पण "न्हाई" पुष्कळदा आला.

त्यानंतर भाऊजींनी एक शनिवार चुकवला नाही. अहमदपूर, लोहा करत ती गाडी येते, रस्त्याचं काम चाललेलं होतं, उतरले की त्यांच्या अंगावर धूळ असायची. लातूरचं आपलं दुकान मुलावर टाकून यायचे. येऊन बसले की टांगेवाल्याला मारायचे. आणि आबा त्याला एकेक शब्दाने परत आणायचे. "आला" हा शब्द आधी आला. मग "फेटा". "पांढरा" म्हणायला त्यांना फार कष्ट पडले, पण चाचांनी मुद्दाम "लाल फेटा था" म्हटल्यावर तोही बाहेर पडला, मोठ्याने, जवळजवळ शिवी दिल्यासारखा. आठवड्यात मधल्या दिवशी ते मला "चहा" म्हणाले. मी माझे पुठ्ठ्याचे चौकोन कपाटात ठेवून दिले. त्या बाई म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर वाक्यं येतील. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, आबा सुधारताहेत. ते तेव्हा खरं होतं.

आता तो शनिवार सांगते.

जेवणं झाली होती. भाऊजींनी नेहमीसारखं सुरू केलं. आबांना त्या दिवशी पूर्ण वाक्य म्हणायचं होतं. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि सुरुवात केली. "तो... परत..." पुढचा शब्द येईना. चेहरा लाल झाला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती पुसायला उजवा हात उचलायला गेले आणि तो उठला नाही. तरी ते थांबले नाहीत. पुन्हा "तो", पुन्हा "परत". डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडत होते असं मला वाटत नाही, तो जोर लावल्याचा परिणाम होता. पण भाऊजी समोर बसून ते बघत होते. लहानपणी ज्याने त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो माणूस एका शब्दासाठी असा झगडत होता.

भाऊजींनी पुढे होऊन आपल्या उपरण्याने त्यांचं तोंड पुसलं. "असू द्या, अण्णा," ते म्हणाले. "तुमचंच खरं. आला तो परत. फेटा बांधून आला. मीच इतकी वर्षं खोटं बोलून राहिलो."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आधी भाऊजींकडे, मग चाचांकडे, मग दारात उभ्या माझ्याकडे. चाचांनी नजर खाली घातली. भाऊजींनी जन्मात कधी हार मानलेली नव्हती, आईच्या तेराव्यालासुद्धा नाही. आता आपल्याशी खरं भांडायला कुणी उरलं नाही, हे आबांना समजलेलं त्यांच्या तोंडावर मला दिसलं. त्यांनी दांडा धरलेला हात सोडला, तो भाऊजींच्या डोक्यावर ठेवला, दोनदा थोपटलं आणि डोळे मिटून मागे टेकले.

पुढच्या शनिवारी भाऊजी आल्या आल्या म्हणाले, "अण्णा, मागच्या वेळी मी थट्टा केलो. मेलाच तो." आबा त्यांच्याकडे बघून हसले. जितकं हसता येत होतं तितकं. बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. चाचांनी फेट्याचे सगळे रंग म्हणून पाहिले. मी चौकोन परत बाहेर काढले. त्या बाईंनी आणखी काही दिवस प्रयत्न केले. मग त्या पैसे घ्यायला संकोचू लागल्या, तेव्हा मीच त्यांना थांबायला सांगितलं. आबा शांत होते. दिलं ते खात, बसवलं तिथे बसत. चहासाठीसुद्धा पुन्हा शब्द आला नाही. थंडी संपता संपता गेले. आपल्यात देतात तशी त्यांना कपाळाला विभूती लावून, बसवून माती दिली. तुमची विमानं पोहोचू शकली नाहीत, त्याचं मनात ठेवू नका.

भाऊजी नंतरही शनिवारी येत राहिले. कशासाठी, हे मी विचारलं नाही. ओट्यावर बसायचे, चाचा यायचे, दोघं पावसापाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं बोलायचे. सिनेमाचा विषय कुणी काढत नव्हतं. एका शनिवारी चाचा आले नव्हते. मी चहा ठेवला तेव्हा भाऊजी कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? मी त्या दिवशी हाव, तुमचंच खरं, असं म्हणायला नको होतं का?"

मला माहीत होतं त्यांना काय ऐकायचं आहे. स्ट्रोकच तसा होता, तुमचा काय दोष, वाचा जायचीच होती. नातेवाइकांनी त्यांना हेच सांगितलं होतं, जाऊबाईंनीही सांगितलं असणार. डॉक्टरांच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असेल. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. किती वाळले होते. मन दुखवू नये म्हणून हो म्हणायचं, हे तर मी त्या ओट्यावर एकदा पाहिलं होतं.

"नको होतं म्हणायला," मी म्हणाले.

ते एकदम ताठ बसले. "तुम्ही त्याचं तोंड बघितलं होतं का? तुम्ही दारात होता. मी समोर होतो."

"मी बघितलं होतं. त्यांना ते वाक्य पूर्ण करायचं होतं."

"अन् झालंच नसतं तर?"

"नसतं झालं तर नसतं झालं. पण ते भांडत होते."

"तुम्हाला काय, तुम्ही कधी भांडलाच न्हाई त्याच्यासंगं." भाऊजींचा आवाज चढला. आमच्या लग्नापासून इतक्या वर्षांत ते माझ्याशी असे कधी बोलले नव्हते. "मानूस डोळ्यांदेखत गुदमरून राहिला, अन् मी काय त्याला मेला मेला म्हणत बसू? कोन भाऊ बसंल?"

"तुम्ही बसला असतात. चार शनिवार तेच केलं होतं तुम्ही."

ते बोलत राहिले. मी उलटून बोलत राहिले. चहा तसाच राहिला. त्यांचे डोळे भरले, माझेही, पण मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही आणि त्यांनीही नाही. आबा गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी पिशवी उचलली. पायरी उतरताना थांबून म्हणाले, "पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा हावच म्हनीन, वहिनी. ध्यानात ठेवा."

"तर पुन्हा चुकाल," मी म्हणाले.

रिक्षात बसूनही ते मागे वळून काहीतरी सांगत होते. मी फाटकाशी उभी राहून ऐकलं. मला ते पटलं नाही, आणि तसं मी त्यांना रिक्षा हलायच्या आत सांगितलं.